पहिली पसंती मनातली हवी

बीईच्या मुलांना प्रोजेक्ट वाटून देणारी स्क्रीन करायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. एका बाजूला मुलांचे गट, दुसऱ्या बाजूला गाइडचे विषय. मला भीती होती ती गणिताची. पण गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ सालीच सोडवून ठेवलंय. प्रत्येक जण आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. जागा भरली आणि गाइडच्या क्रमात वरचा कुणी आला, तर खालचा सुटतो आणि आपल्या पुढच्या पसंतीकडे वळतो. कुणालाच नकार मिळेनासा झाला की वाटप पक्कं. आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या ‘जोसा’च्या मुळाशीही हीच रीत आहे.

गोंधळ उडाला तो पुढे. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, कुठल्या विषयाला किती जणांनी टाकलंय ते दिसेल का?” मागणी रास्त वाटली. मग लक्षात आलं, आकडा दिसला की ती आवडता विषय सोडून गर्दी नसलेला वर घेणार. या रीतीत त्याची गरजच नाही. अवघड विषय पहिला टाकला म्हणून दुसऱ्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही, मनातला क्रम भरण्यातच मुलांचा फायदा असतो. पण त्यांनी यावर विश्वास का ठेवावा? अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागायचं. फॉर्म जपून, हिशेब करून भरायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. तेव्हा आकडा दाखवायचा नाही, असं मी ठरवलंय. त्या जागी हक्काबद्दलचं ते वाक्य ठळक येईल. विषयांची यादीही प्रत्येकाला वेगळ्या क्रमानं दिसेल, म्हणजे आधी दिसला म्हणून कुठलाच विषय पुढे जाणार नाही. ओढून क्रम लावायची सोय मात्र काढली. मोबाइलवर ओढायला जावं तर पानच सरकतं. वर-खाली बाण पुरेत.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते गटानं. गटातल्या चौघांनी वेगवेगळे अर्ज करून ‘आम्हाला एकत्रच ठेवा’ म्हटलं, तर पक्कं टिकेल असं वाटप कधी कधी अस्तित्वातच नसतं. अमेरिकेत डॉक्टर जोडप्यांना एकाच गावात नेमणूक देताना हीच अडचण आली होती. म्हणून गट हाच एक उमेदवार धरायचा. पण मग यादी कुणाची? गटात जो बोलतो, त्याची. गप्प बसणाऱ्या मुलाला वर्षभर दुसऱ्याच्या आवडीचा विषय ओढावा लागतो, हे मला पटत नाही. म्हणून चौघांनीही आपापल्या मोबाइलवरून यादीला होकार दिल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, असं बटण मी मांडलंय. सरांना वाटतं, यात आठवडा वाया जाईल. जाऊ दे, पण हे बटण राहावं म्हणून मी उद्याच्या बैठकीत भांडणार आहे.