जोडचाकातले आतले चाक

आमच्या घराण्याचा चाकांशी संबंध आला तो दादामुळे. आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर आणि मी बँकेत; दादाने मात्र शिक्षण अर्धवट सोडून, रस्त्यात बंद पडलेले ट्रक ओढून आणण्याचा धंदा पत्करला. एका जुन्या ट्रकवर क्रेन बसवलेली त्याची गाडी राऊच्या नाक्याजवळ उभी असे. ट्रकवाल्यांच्या बोलीत या कामाला 'टोचन' म्हणतात. ''थोरले काय करतात?'' असे कुणी विचारले की, ''वाहनांचे काम आहे,'' एवढेच सांगून आई विषय बदलीत असे.

२०११ च्या मे महिन्यातली एक शनिवारची रात्र मला विसरता येत नाही. मानपूरच्या पुढे भेरूघाटात, धुळ्याकडून माल भरून येणाऱ्या एका ट्रकचा पुढचा आस मोडला होता. दादा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्यामुळे मीही हौसेने त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने त्या ट्रकचे तोंड क्रेनने उचलून साखळ्यांनी बांधले आणि आम्ही मानपूरच्या दिशेने चढ चढू लागलो. हाताखालचा पोरगा लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाजवळून चालत होता. गाडी चढावर थांबली तर चाकामागे ठोकळा सारायचा, हे त्याचे काम.

दुसऱ्या वळणावर बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. पाचसात क्षणांनी आणखी एक. डावीकडच्या मागच्या जोडचाकांतली दोन्ही टायरे गेली आणि गाडी डोंगराच्या बाजूला कलली. दरी उजवीकडे होती. आम्ही वाचलो ते केवळ त्यामुळे. टायरावरून सुटलेला रबराचा पट्टा पोराच्या हातावर बसला आणि हाड मोडले. तशाही स्थितीत त्याने पायाने ठोकळा चाकामागे ढकलला होता. दादाने त्याला पोटाशी धरले. त्या क्षणी पहिल्यांदा मला दादा म्हातारा दिसला.

दुसऱ्या दिवशी फाटलेली टायरे पाहताना दादाने मला जे समजावले, ते मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. टायर फुटते एका क्षणात, पण मरते फार आधी. हवा कमी असली की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते. वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने आतल्या थरांची पकड सुटत जाते. जोडचाकात आतले चाक दिसत नाही आणि त्याच्या हवेच्या नळीपर्यंत हातही नीट पोचत नाही. ते थोडे बसले की त्याचा भार मुकाट्याने शेजारच्यावर जातो. मग एक फुटले की दुसरेही टिकत नाही. म्हणून दादा निघण्यापूर्वी प्रत्येक चाकावर लोखंडी कांब ठोकून आवाज ऐकत असे. भरलेले चाक टणत्कार करते, बसलेले बद्द वाजते. त्या रात्री घाईत त्याने आतली चाके ठोकली नव्हती.

''पण एवढ्यावरच फुटली?'' मी विचारले. दादाने जमिनीवर खडूने गाडी काढली. क्रेनचा हूक मागच्या आसाच्याही मागे असतो. पुढच्या आणि मागच्या आसात चार मीटर अंतर, आणि हूक मागच्या आसापासून दोन मीटर मागे, असे धरले, तर तीन टन उचलताच मागच्या चाकांवर तीन नव्हे, साडेचार टन वाढतात. पुढची चाके तेवढीच दीड टनाने हलकी होतात. ओढणाऱ्याच्या पाठीवर दुसऱ्याचे ओझे त्याच्या खऱ्या वजनापेक्षा जास्तच पडते, तो म्हणाला. आणि ही टायरे तर जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेली होती. रबर नवे असले तरी सांगाड्याचे वय कमी होत नाही.

नव्या टायरांसाठी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार नक्षी दाखवत होता. दादा टायराच्या बाजूवरची बारीक अक्षरे वाचत होता. १४६/१४३ या आकड्यांचा अर्थ असा, की एकटे लावले तर ते टायर ३००० किलो पेलते, जोडीत लावले तर २७२५. जोडीत पेलण्याची ताकद कमी धरायची, कारण दोघांवर भार कधीच सारखा पडत नाही. शेवटचे चार आकडे जन्मतारखेचे : ०९११ म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा. नायलॉनचे टायर दगडधोंडे आणि ठिगळे सोसते, रेडियल उन्हातल्या डांबरावर कमी तापते. दादाने रेडियल निवडले, आणि मागची चारही एकदम बदलायची ठरवली. जोडीत एक नवे, एक झिजलेले असले, तर उंच असणारे चाकच सारा भार उचलते. आणि एका आसावर दोन जातींची टायरे तर लावायचीच नसतात.

पैशांचा आकडा ऐकून मी म्हणालो, ''दादा, हे गेल्याच वर्षी का नाही केलेस?'' तो काही बोलला नाही. संध्याकाळी वहिनींनी चहा देताना सहज सांगितले, ''अहो भाऊजी, गेल्या वर्षी टायरांसाठीच साठवले होते ना. ते तुमच्या चिरंजीवांच्या कॉलेजच्या प्रवेशाला दिले.'' मला तो चहा गिळवेना. हातउसने म्हणून घेतलेली ती रक्कम, दादा मागत नाही म्हणून, मीही आठवणीआड केली होती.

सोमवारी मी ठेव मोडून पैसे घेऊन गेलो. दादा म्हणाला, ''मला नको. दुकानदाराला दे. आणि उरतील ते त्या पोराच्या हातासाठी.'' त्याने एवढाच हिशेब केला. पुन्हा तो विषय काढला नाही.

दादाला जाऊन आता सहा वर्षे झाली. गाडी विकली गेली. ती कांब मी मागून घेतली. मुलगा सुट्टीत पुण्याहून येतो, तेव्हा परत निघताना मी वाकून त्याच्या मोटारीच्या टायरांवरचे चार आकडे वाचतो आणि चाके थंड असतानाच हवा पाहून घ्यायला लावतो. तो हसतो. त्याची फी कोणत्या टायरांनी भरली, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. हे पत्रक त्याच्याकडेही जाते.