"पिशवी काढून टाका" म्हटलं की आपण मान हलवतो

बायकोला विचारून लिहितोय. तिने पोस्ट आधी वाचली, दोन ओळी खोडल्या आणि म्हणाली, "टाका आता."

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती जिना चढताना मध्येच बसायला लागली. मला वाटलं, सणाच्या कामाचा शीण. प्रत्यक्षात वर्षभर पाळी आठ-दहा दिवस चालत होती, रक्ताच्या गुठळ्या जात होत्या. एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता. विचारलं तर म्हणाली, "हे काय सांगायचं असतं का?" रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.२.

गावातल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. गर्भाशयात पाच सेंटीमीटरची गाठ. फायब्रॉइड. डॉक्टर म्हणाले, "वय त्रेचाळीस, दोन्ही लेकरं मोठी झालीत. आता पिशवीचं काय काम? उद्या कॅन्सर झाला तर? सोमवारी ॲडमिट करा." कॅन्सर हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं बंद झालं. मी पैशाची जुळवाजुळव सुरू केली. रोज पुढाऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस, डॉक्टरांना एक प्रश्न विचारला नाही.

रात्री तीच म्हणाली, "तुम्हीच बातमी केली होती ना, बीडच्या ऊसतोड बायकांची? मग माझं काय वेगळं?"

खरंच केली होती. २०१९ साली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाळीच्या त्रासात खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडात ना पाणी ना संडास, आणि गावात आलं की दवाखान्यात कॅन्सरची भीती. मी हेडिंग दिलं, बायलाईन घेतली आणि विसरलो.

सोमवारी आम्ही त्या दवाखान्याऐवजी सरकारी मेडिकल कॉलेजला गेलो. केसपेपरची रांग, बाकड्यावर तीन तास. पण तिथल्या मॅडमनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढून समजावलं. ते तुम्हालाही सांगतो.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. खूप बायकांना असते, अनेकींना कळतही नाही. तिच्यात कॅन्सर निघणं फार दुर्मिळ. त्रास किती, हे गाठ कुठे आहे त्यावर ठरतं. आतल्या पोकळीत घुसलेली लहान गाठही भरपूर रक्तस्राव करते. बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधी नुसती लघवीच्या पिशवीवर दाबते. त्रास नसेल तर बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवायचं. पाळी कायमची गेली की या गाठी साधारण आक्रसतात.

हिची गाठ भिंतीत होती, पोकळीला धक्का नव्हता. चाळिशी उलटलेली म्हणून आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला. कॅन्सरच्या भीतीचं उत्तर तपासणीने मिळालं, त्यासाठी पिशवी काढावी लागली नाही. मग शिरेतून लोह दिलं आणि तांबीसारखं, पण हार्मोन सोडणारं साधन बसवलं. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडत राहिले, ती वैतागली. आता पाळी नावापुरती. हिमोग्लोबिन ११.४. गाठ आहे तिथेच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघायची.

ऑपरेशन वाईट, असं मी म्हणत नाही. औषधाने रक्त थांबत नाही, गाठी फार मोठ्या आहेत, अशा वेळी पिशवी काढणं हाच योग्य उपाय असू शकतो. मूल हवं असेल तर नुसती गाठ काढता येते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा उपचारही मोठ्या शहरांत होतो. पण निर्णय त्या बाईचा, आणि तोही सगळं समजून घेऊन. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी एकदम बंद होते, हाडं लवकर ठिसूळ होतात. हे टेबलवर जायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं ना?

म्हणून डॉक्टरांना एवढं विचारा: गाठ नेमकी कुठे? रक्त जाण्याचं दुसरं कारण तपासलं का? औषधाने काय होईल? नुसती गाठ काढता येईल का? अंडाशयं ठेवणार का?

एक सार्वजनिक प्रश्नही आहे. बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अनावश्यक ऑपरेशन रोखण्याची केंद्राची नियमावली तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. आपल्या जिल्ह्यात ती समिती किती वेळा बसली? मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. उत्तर येईल तसं इथेच टाकतो.

तोवर पुरुष मंडळींनी एक करा. घरी जाऊन विचारा, "पाळीत त्रास होतो का?" मी वर्षभर उशीर केला.