मापारी वेगळा, अडत्या वेगळा

तुरीच्या हंगामात अकोल्याच्या बाजार समितीत गेलात तर एक गोष्ट बघा. अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो, व्यापारी बोली लावतो, पण वजन मापारी करतो आणि त्याचा परवाना वेगळा असतो. ही शिस्त वऱ्हाडाला नवी नाही. कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी इथे १८९७ सालीच कायदा झाला होता. त्याच्याही मागे जा: परगण्यात वसुली देशमुखाची, दप्तर देशपांड्याचं, गावात पाटील आणि पटवारी. पैसे गोळा करणारा आणि लिहिणारा एक नको, एवढं मोगलाईलाही कळत होतं. (दोघांनी संगनमत केलं तर? करायचेच. पण निदान दोघांना वाटा द्यावा लागे.)

मी अमरावती-अकोल्याकडच्या पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या संगणकप्रणालींचं ऑडिट करते. आमच्याकडे याला मेकर-चेकर म्हणतात: नोंद एकाने करायची, मंजूर दुसऱ्याने. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात हे तत्त्व दोन किल्ल्यांच्या कुलपावरूनच मांडलं. शाखेच्या तिजोरीला आजही दोन किल्ल्या असतात, एक कॅशिअरकडे, एक मॅनेजरकडे, आणि तिथे सहसा कोणी हयगय करत नाही. पासवर्डचं तसं नाही. किल्ली दिली की आपल्याकडे उरत नाही. पासवर्ड सांगितला तरी आपल्याकडे असतोच. म्हणून सांगणाऱ्याला आपण काही दिलंय असं वाटतच नाही.

ऑडिटला बसले की मी आधी लॉग मागते आणि शेजारी हजेरीपत्रक उघडते. एका संस्थेत कर्जखात्यातली नोंद आणि तिची मंजुरी यांत चार-पाच सेकंदांचं अंतर होतं, संगणक एकच, आणि मंजुरी देणारे गृहस्थ त्या दिवशी मुलीच्या लग्नाच्या रजेवर. विचारलं तर शाखाधिकारी म्हणाले, "मॅडम, तीन माणसायची शाखा हाये. कोनाले मेकर करू अन् कोनाले चेकर?"

प्रश्न खोटा नाही. पण मोठ्या बँकांकडे माणसं होती, तरी काय झालं? फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला; सुरुवातीचाच आकडा ११,४०० कोटींच्या घरात होता. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून जात होते, बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्या नव्हत्या. आणि एक उपव्यवस्थापक २०१० ते २०१७ त्याच खुर्चीवर. माझ्या मते संदेशांइतकीच ती खुर्चीही महत्त्वाची.

तीन माणसांच्या शाखेला मी म्हणते, ठरावीक रकमेवरची मंजुरी मुख्य कार्यालयात न्या. बदली झालेल्याचे जुने अधिकार त्याच दिवशी काढा. नाहीतर वर्षानुवर्षं टेबलं बदलत गेलेला माणूस एकटाच मेकरही होतो आणि चेकरही. ज्याच्याकडे आयडी तयार करायचा अधिकार आहे त्याला व्यवहाराला हात लावू देऊ नका, आणि त्याने काय केलं याचा लॉग त्याला पुसता येणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

सगळ्यात जास्त विरोध मात्र सक्तीच्या रजेला होतो. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न सांगता, रजेवर पाठवा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. पतसंस्थेत हे सुचवलं की उत्तर ठरलेलं: त्यांच्याशिवाय काउंटर चालत नाही. मग त्यांचंच टेबल मी आधी तपासायला घेते.