डोळ्यांआडचे भांडण

भांडण ही काही नवी गोष्ट नव्हे. आमच्या वसईच्या आळ्यांनी बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, शेजाऱ्याच्या अंगणात वाकलेल्या माडावरून कितीतरी भांडणे पाहिली आहेत आणि त्यांतली काही तर तीन पिढ्या टिकली आहेत. तरीही मोबाइलच्या पडद्यावर जे भांडण चालते त्याची जात निराळी आहे, असे आम्हांस वाटत आले आहे. बांधावरचे भांडण कशावरून पेटले हे निदान सांगता येते. पडद्यावरचे भांडण संपल्यावर (संपलेच तर!) ते कशासाठी झाले हे भांडणाऱ्यांनाही धड आठवत नाही.

याचे एक कारण सर्वांच्या तोंडी असते: तेथे माणूस नाव लपवून बोलतो, म्हणून उद्धट होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली या विषयावर एक निबंध लिहिला. इंटरनेटवर मनाचे बांध का सैल होतात याची सहा कारणे त्यांनी त्यात मांडली. त्यांत निनावीपणा पहिला. दक्षिण कोरियाने हे कारण इतके मनावर घेतले की २००७ साली कायदाच केला. मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचे तर आधी खऱ्या नावाची पडताळणी करून द्यावी, असा तो नियम. पाच वर्षे तो चालला. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने एकमताने तो रद्द केला. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचे न्यायालयास आढळले नाही.

आम्हांस याचे मुळीच नवल वाटले नाही. आमच्या आळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात दोनशेच्या आसपास माणसे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचे नाव, घर, इतकेच काय पण आजोबांचे टोपणनावही इतरांना ठाऊक आहे. लपण्यास जागाच नाही. तरीही जे व्हायचे ते झालेच.

काही वर्षांपूर्वी आळीतल्या बारा-पंधरा तरुणांनी जुने बावखल साफ करावयास घेतले. ओळीने चार रविवार ती मुले गुडघाभर चिखलात उतरून जलपर्णी उपसत होती. चौथ्या रविवारी रात्री त्यांनी ग्रुपवर छायाचित्रे टाकली. त्याखाली आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी लिहिले, “फारच मोठे काम केलेत हं पोरांनो!” एवढेच वाक्य. कोणी त्यावर हसणारा चेहरा चिकटवला. एका मुलाने लिहिले, “मास्तर, टोमणे मारण्यापेक्षा एक दिवस पाण्यात उतरा.” मग मास्तरांचा पुतण्या धावून आला. मध्यरात्रीपर्यंत साठ-सत्तर संदेश झाले. कोणाच्या वडिलांनी बावखलाच्या काठची जमीन कशी विकली, तेही निघाले. दोघे ग्रुप सोडून गेले.

मास्तरांना आम्ही नंतर विचारले. ते म्हणाले, “अहो, मी मनापासून कौतुकच केले होते. माझ्या लहानपणी आम्ही तिथे पोहत असू.”

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नेमकी हीच गोष्ट मोजून पाहिली होती. ईमेलमधले आपले वाक्य उपरोधाचे आहे की गंभीर, हे वाचणाऱ्यास सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात कळले ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणे उडवून ठरविण्याहून थोडेसेच बरे. मास्तर ते वाक्य मनातल्या मनात आपल्या मायाळू आवाजात वाचत होते. मुलाने ते थकलेल्या माणसाच्या कानांनी वाचले. दिवसभर चिखल उपसलेला, आणि पहाटे पुन्हा विरार लोकलला लोंबकळायचे.

हा थकवाही क्षुल्लक समजू नये. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना सोपी, तर काहींना मुद्दाम अवघड कोडी घातली आणि मग चर्चेस बसविले. मन प्रसन्न आणि आधीची चर्चा सभ्य, अशा स्थितीतही ३५ टक्के लोकांनी वाकडे लिहिले. मन खट्टू आणि चर्चेची सुरुवातही कडवट, तेव्हा ६८ टक्के लोकांनी. यांत कोणी पेशाने भांडखोर नव्हते. हे वाचून आम्ही थोडे सैलावलो, कारण आमच्या आळीत वाईट माणसे फार झाली आहेत असे म्हणणे आम्हांस कधीच पटले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी तो मुलगा आणि मास्तर बेकरीसमोर एकाच रांगेत उभे होते. मुलाने मान खाली घातली. मास्तरांनी पावाची पिशवी काखेत धरून उगाच आभाळाकडे पाहिले. रात्री लिहिलेल्यातला एक शब्द समोरासमोर उच्चारण्याची दोघांचीही छाती नव्हती. इस्रायलमधील हैफा विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४२ जणांना जोड्याजोड्यांनी संगणकावर वाद घालायला लावले होते. कुणाचे नाव झाकले, कुणाला कॅमेऱ्यातून एकमेकांचे डोळे दिसू दिले. नाव झाकण्यापेक्षा डोळे न दिसण्यानेच भाषा अधिक बिघडली.

त्यात पुन्हा प्रेक्षक. बांधावर दोघे भांडत तेव्हा तिसरा मध्ये पडे. ग्रुपवर दोनशे जण गुपचूप वाचत असतात, आणि माघार घ्यावी तर त्या दोनशेंदेखत घ्यावी लागते. पूर्वी रागाने लिहिलेले पत्र पेटीत टाकण्यापूर्वी एक रात्र उशाशी तरी राही. आमच्यासारख्या त्रैमासिकातून भांडायचे तर उत्तरासाठी तीन महिने धीर धरावा लागतो. तोवर राग विझतो, किंवा अंक तरी हरवतो.

पाचव्या रविवारी बावखलावर कोणी गेले नाही. जलपर्णीची वाढ किती झपाट्याने होते हे आपणांपैकी ज्यांच्या वाडीशेजारी बावखल आहे त्यांना सांगावयास नको. पहिल्या पावसानंतर पाणी पुन्हा दिसेनासे झाले. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने, चांगल्या हेतूनेच, इतरांचे लिहिणे बंद करून टाकले. आता तेथे पाण्याच्या वेळा येतात, वीज जाणार असल्याची सूचना येते, आणि आळीत कोणी गेले तर अंत्यविधी किती वाजता ते कळते.