आवाज कम कर

१९९९ सालच्या पावसाळ्यात आमच्या सेनगावात ‘परवाज’ ऐकलेले चार जण होते. निदान मला तरी चारच माहीत आहेत. चौघांची मतं चार होती आणि त्यातलं एक खोटं होतं. ते माझं.

‘परवाज’ म्हणजे उड्डाण. ‘जुनून’ या पाकिस्तानी रॉक बँडचा हा अल्बम. आज ते नाव घेतलं तर पोरं विचारतात, कोण जुनून? म्हणून थोडं सांगतो. गिटारवर सलमान अहमद, गाणारा अली अज़मत आणि बास गिटारवर ब्रायन ओ’कॉनेल. हा ब्रायन अमेरिकन, सलमानचा न्यूयॉर्कमधला शाळासोबती. सलमान स्वतः डॉक्टरकी शिकलेला. १९९७ साली त्यांचा ‘आझादी’ आला आणि त्यातल्या ‘सयोनी’नं आपल्याकडे धुमाकूळ घातला. ज्यांच्या घरी केबल होती त्यांनी ते बघितलं, बाकीच्यांनी पानटपरीवर ऐकलं.

आम्हाला रॉक बीक काही माहीत नव्हतं. माझ्या कानाला सवय उरुसातल्या कव्वालीची आणि अब्बांच्या रफीची. पण ‘सयोनी’त खाली ढोलक-तबल्याचा ठेका आणि वर करंट मारल्यासारखी गिटार, असं काहीतरी होतं. कव्वाली मोटरसायकलवर बसून निघाल्यासारखी वाटायची. ‘आझादी’ची आमची कॅसेट कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली होती. एवढी वाजवली की टेप दोनदा तुटली. नेलपॉलिश लावून चिकटवली, तर त्या जागी गाणं दरवेळी एक उडी मारायचं. पुढं ओरिजिनल ऐकलं तेव्हा ती उडी नाही म्हणून चुकल्यासारखं झालं.

आमचा अड्डा म्हणजे शिंप्याचं दुकान. माझा मित्र नामदेव शिंपी समाजातला, वडिलांसोबत दुकानात बसायचा. तिथं एक टू-इन-वन होता, त्याला एकच स्पीकर. तिसरा मित्र नांदेडला कॉलेजात होता आणि गिटार शिकत होता, म्हणून त्याचं मत शेवटचं मानलं जायचं. चौथा एसटीडी बूथवर बसायचा.

‘परवाज’ गिटारवाल्यानं नांदेडहून आणली. ओरिजिनल. म्हणाला, दुकानदारानं काउंटरवर मांडली नव्हती. मागितल्यावर खालून काढून दिली, कागदात गुंडाळून. तेव्हा कारगिल चालू होतं. पेपरात रोज शहीद जवानांचे फोटो यायचे. १ मेला परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हा झाला होता, त्या आनंदाच्या कमानी अजून पुरत्या उतरल्या नव्हत्या. ८ जूनला वर्ल्डकपमध्ये आपण पाकिस्तानला ४७ धावांनी हरवलं. वेंकटेश प्रसादनं पाच विकेट काढल्या. त्या रात्री चौकात सगळ्यांत जास्त फटाके मी फोडले. आनंद खराच होता. पण त्यात थोडा हिशेबही होता, आणि तो हिशेब फक्त मला करावा लागत होता.

संध्याकाळी लाईट आली, आम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कॅसेट लावली. ए बाजू पूर्ण ऐकेपर्यंत कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

पहिला बोलला एसटीडीवाला. “ह्याच्यात सयोनी कुठंय?” त्याचं म्हणणं सरळ होतं. एक गाणं असं पाहिजे की ऐकल्याबरोबर तोंडात बसलं पाहिजे. हे तर सगळंच संथ. पैसे वाया गेले.

गिटारवाला जास्त दुखावला होता. कॅसेटच्या कागदावर त्यानं वाचलं होतं की रेकॉर्डिंग लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत झालंय, म्हणजे बीटल्सच्या. त्याला वाटलं होतं आता गिटार आभाळ फाडणार. “आझादीत गिटार पुढं येऊन बोलायची. हिथं गायकाच्या मागं जाऊन उभी राहिली. लंडनला जाऊन ढोलकच वाजवायचा होता तर सेनगावला यायचं की!” आम्ही हसलो, पण त्याचं चुकत नव्हतं. आवाज खरंच बदलला होता. गाण्यांत मोकळी जागा जास्त होती, घाई कमी. बरेचसे शब्द बुल्लेशाहचे, पंजाबी; आम्हाला अर्धेही कळत नव्हते.

शिंपी मात्र खूश होता. “आरं, हे भजनावानी हाय. एकच ओळ घ्यायची, घोळवायची, परत तिच्यावरच यायचं. टाळ दिले तरी चालंल बघा.” आणि त्यानं कात्री मापाच्या पट्टीवर वाजवून ठेका धरूनही दाखवला. तो दरवर्षी दिंडीत जाणारा. त्याला रॉकशी काही देणंघेणं नव्हतं, पालुपदाशी होतं.

मग तिघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “ठीक आहे.”

ठीक नव्हतं. ‘बुलेया’ सुरू झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला ते ‘सयोनी’पेक्षा कितीतरी जास्त आवडलं होतं. पण इतकं आवडलंय हे त्या महिन्यात, त्या गावात, माझ्या नावाच्या माणसानं बोलून दाखवावं का, हे मला ठरवता आलं नाही. समोर तर माझेच मित्र होते! त्यांच्यासमोरही जीभ आपोआप आखडली.

बी बाजू चालू असताना एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत आलं. पँट घ्यायला. पिशवीत पँट घातली, पैसे दिले, आणि सहज विचारलं, “कोणाचं गाणं रे?”

शिंपी म्हणाला, “पाकिस्तानचं हाय. भारी हाय.”

गिऱ्हाईकानं टेपकडं बघितलं नाही. शिंप्याकडंही नाही. माझ्याकडं बघितलं. “तुझी का कॅसेट?”

“नाही,” मी म्हणालो.

खरंच माझी नव्हती. पण इतकं खरं बोलूनही मला खोटं बोलल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पुढंही कधी वाकडं बोलला नाही. तो गेला आणि मी उठून टेपचा आवाज कमी केला. शिंपी म्हणाला, “कामून?” मी म्हणालो, “डोकं दुखतंय.”

पुढं ती कॅसेट मी मागून घेतली, घरी ऐकायला. गिटारवाल्याला नकोच होती. रात्री उशाशी टेप ठेवून ऐकायचो. अब्बा बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, “आवाज कम कर बेटा.” गाणं बंद कर असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना स्वतःला सूर कळायचा. एकदा दाराशी उभं राहून एक गाणं पुरं ऐकलं आणि “गला अच्छा है” एवढंच बोलून गेले. पण रोज तेच एक वाक्य. मी बटण खाली आणायचो. शेवटी एवढं खाली, की कान स्पीकरला लावावा लागायचा.

नंतर कळलं त्याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. १९९८च्या मे महिन्यात आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या आणि त्यांनी चगाईला. तेव्हा या जुनूनवाल्यांनी जाहीरपणे बॉम्बच्या विरोधात, दोस्तीच्या बाजूनं बोलणं केलं. त्यावरून त्यांच्याच देशात सरकारी टीव्ही-रेडिओवर त्यांच्या गाण्यांना बंदी आली. देशाच्या विरोधात बोलल्याचा ठपका बसला. म्हणजे तिकडं ते भारताचे ठरत होते आणि इकडं त्यांना ऐकणारा मी पाकिस्तानचा ठरतो की काय, म्हणून मी भीत होतो. दोन्हीकडं गाणं तेच होतं.

शब्दांचा अर्थ मात्र अगदी जवळ सापडला. शिंपी नर्सीला निघाला होता, मी सोबत गेलो. नर्सी म्हणजे संत नामदेवांचं जन्मगाव, आमच्याच जिल्ह्यात. नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले पंजाबी यात्रेकरू तिथंही येतात, कारण गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. सावलीत एक म्हातारे सरदारजी बसले होते. शिंप्याला काय सुचलं कोणास ठाऊक, सरळ जाऊन त्यानं ‘बुलेया’ गाऊन दाखवलं. उच्चार सगळे सेनगावचे! सरदारजी पोट धरून हसले. मग डोळे मिटून त्यांनी तेच शब्द नीट म्हणून दाखवले आणि मोडक्या हिंदीत समजावलं. हा माणूस म्हणतोय, मी मशिदीतला श्रद्धाळूही नाही आणि काफिरही नाही, पवित्रही नाही आणि अपवित्रही नाही. मी कोण आहे, ते माझं मलाच ठाऊक नाही.

मी गप्प राहिलो. त्या दोन महिन्यांत मी कोण आहे हे मला सांगायला प्रत्येक जण तयार होता. आणि इथं अडीचशे वर्षांपूर्वी गेलेला एक मुसलमान फकीर म्हणत होता, मला माहीत नाही. एवढा आधार मला दुसऱ्या कशानं मिळाला नसता.

बुल्लेशाहबद्दल पुढं वाचलं. ते सय्यद, म्हणजे मोठ्या घराण्यातले. त्यांनी गुरू केला शाह इनायत यांना, जे जातीनं आराईं, भाजीपाला पिकवणारे. घरचे नाराज झाले, पण ते मागं फिरले नाहीत. हे शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मंग आपलंच झालं की. आमच्या नामदेवाला बी देवळातून उठवलंच होतं, जातीवरून.” नामदेव नर्सीचे, पंजाबात घुमानपर्यंत गेले. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं, तेव्हा सगळ्यांना ते आठवलं. माझ्या डोक्यात मात्र १९९९ पासून एक नकाशा होता. आमच्याकडून एक शिंपी पंजाबात गेला आणि पंजाबातून एक फकीर, बऱ्याच उशिरानं, लंडनमार्गे, कॅसेटमध्ये बसून आमच्याकडच्या एका शिंप्याच्या दुकानात आला.

आता ‘परवाज’ मोबाईलवर आहे. गेल्या वर्षी मुलाचे चांगले हेडफोन घेऊन पहिल्यापासून ऐकला आणि दचकलो. गाण्यांच्या खाली एक जाड, संथ आवाज चालत होता, जो मी आयुष्यात ऐकला नव्हता. ब्रायनचा बास. गिटारवाला आता पुण्यात असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “आपल्या त्या एका स्पीकरमध्ये बास कुठून येणार? आणि आवाज कमी केला की कानाला पहिल्यांदा खालचेच सूर ऐकू येईनासे होतात.” मग थांबून म्हणाला, “मी पण तेव्हा चुकलोच. गिटार मागं गेली नव्हती रे. मी ती फक्त पुढंच शोधत होतो.”

एसटीडीवाल्याचं मत बदललेलं नाही. त्याला अजून ‘सयोनी’च पाहिजे. तेही मत खरंच आहे.

माझं मत आज लिहून ठेवतो, पंचवीसएक वर्षं उशिरा का होईना. अल्बम फार चांगला आहे. मला तो पहिल्याच दिवशी फार आवडला होता. पण मी तो इतका हळू ऐकला की त्याचा पायाच मला ऐकू आला नाही. मी ‘ठीक आहे’ म्हणालो त्यात गाण्याची चूक नव्हती.

मागच्या महिन्यात शिंप्याच्या दुकानात बसलो होतो. आता तिथं ब्लूटूथचा स्पीकर आहे. मी ‘बुलेया’ लावलं. तो मशीन थांबवून म्हणाला, “आरं वाढव की आवाज.”

वाढवला. पण बटण दाबताना माझी नजर आधी शटरकडं गेली. शिंप्याच्या ते ध्यानात आलं असावं. तो काही बोलला नाही. उठला आणि अर्धं ओढलेलं शटर पूर्ण वर करून आला.