अहवालातील जंतू

दुखणे आले की वैद्याकडे जावे, ही रीत आता जुनी झाली. हल्ली मनुष्य धडधाकट असताना तपासून घेतो, आणि क्वचित तपासणीमुळेच आजारी होऊन घरी येतो.

आमच्या वऱ्हाडात अशा तपासणीस कारणही आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील विहिरींचे पाणी जिभेला खारट लागते, आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याची धास्ती तेथे घरोघर असते. दर्यापूरकडे उभा संसार करून अकोल्यास मुलाकडे राहावयास आलेल्या आमच्या आत्याबाईंची तपासणी त्याच धास्तीने झाली. मूत्रपिंडे उत्तम निघाली. परंतु लघवीत पूयपेशी दिसल्या. म्हणून कल्चर करविले, आणि दोन दिवसांनी कागद आला: ई. कोलाय जंतू, दर मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक.

“मले तं काहीच होत नाही, मंग हे जंतू आले कोठून बाप्पा?” आत्याबाईंनी विचारले. घरातील सर्व पदवीधरांत एवढा शास्त्रशुद्ध प्रश्न दुसऱ्या कोणास सुचला नाही.

ते आले होते त्यांच्याच आतड्यांतून. थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात ज्यांचा शोध लावला, ते हे जंतू तुमच्याआमच्या सर्वांच्या पोटात सुखाने नांदतात. तेथून मूत्रमार्ग काही दूर नाही. लाखाचा आकडाही ऐकावयासच भयंकर. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड कॅस यांनी तो रूढ केला, तो नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जंतू कोणते आणि खरोखर मूत्राशयात वाढलेले कोणते, हे ओळखण्यासाठी. जंतू तेथे आहेत, एवढेच तो सांगतो. ते त्रास देत आहेत की नाही, हे त्या बिचाऱ्या आकड्याला ठाऊक नसते. सत्तरी उलटलेल्या स्त्रियांत साधारण दहांत एकीच्या मूत्रात असे जंतू निमूटपणे राहत असतात, आणि सोबत पूयपेशी दिसल्या तरी त्याने निदान बदलत नाही.

हे आत्याबाईंना सांगेपर्यंत त्यांनी आपले ताट, वाटी आणि पेला वेगळा काढून खिडकीत ठेवलाही होता. सूनबाई रडकुंडीस आल्या. पण मला त्या ताटाचा अर्थ कळला. आत्याबाईंचे बालपण अमरावतीचे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले, त्यानंतरच्या काही वर्षांतले. घराने आणि गावाने टाकलेली माणसे तेथे आश्रयास येत. कुष्ठाचा जंतू नॉर्वेत हॅन्सनने १८७३ सालीच दाखविला होता, बहुतेकांच्या शरीरात त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती असते, आणि आज तो औषधांनी पूर्ण बराही होतो. परंतु ज्या मुलीने ‘जंतू’ हा शब्द ‘वेगळे ताट’ या शब्दांबरोबरच ऐकला, तिला हॅन्सनचा काय उपयोग? साठ वर्षांनी तिने स्वतःच स्वतःला वाळीत टाकले.

त्यांच्या मुलाचे दुखणे निराळे होते. कल्चरच्या कागदावर खाली औषधांची एक लांबलचक यादी असते. काचेच्या बशीत वाढलेले जंतू कोणत्या औषधाने मरतात आणि कोणत्याला दाद देत नाहीत, हे तीत नोंदलेले असते. घरच्यांना ती औषधाची चिठ्ठीच वाटते! अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांपैकी एकही औषध दिले नाही, याचा मुलास राग आला. एवढे जंतू दिसत असून वैद्याने स्वस्थ बसावे? डॉक्टरांनी विचारले ते असे: ताप आहे? जळजळ? वारंवार लघवीस जावे लागते? कुशीत दुखते? एकाही प्रश्नाला होकार आला नाही. गर्भारपणी, किंवा मूत्रमार्गावरील शस्त्रक्रियेपूर्वी, असे मुके जंतूही औषधाने घालवावे लागतात. आत्याबाईंच्या बाबतीत औषधाने जंतू काही आठवडे हटले असते, पोट बिघडले असते, आणि पुढे परतणारे जंतू त्याच औषधाला न जुमानणारे निघण्याचा संभव वाढला असता. खरोखर ताप येईल त्या दिवशी मग काय द्यावयाचे?

मला हे नाकारणे फार धैर्याचे वाटते. चिठ्ठी लिहून देण्यास एक मिनिट लागते; न लिहिण्यासाठी त्या गृहस्थांनी अर्धा तास खर्च केला, आणि तेवढा करूनही मुलाचा विश्वास मिळविला नाही.

तो आईला घेऊन अमरावतीस गेला. तेथील डॉक्टरांनीही तेच चार प्रश्न विचारले, तेच उत्तर दिले, आणि कोणती लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी यावे, हे कागदावर मराठीत लिहून दिले. आत्याबाईंनी तो कागद पदरी बांधला, अंबादेवीचे दर्शन घेतले, आणि अकोल्यास परतल्यावर ताट, वाटी, पेला कोणास न सांगता पुन्हा मांडणीवर नेऊन ठेवला. मुलाने मात्र औषधांची ती यादी अजून कपाटात जपून ठेवली आहे.