गोणीचा भाव, किलोचा भाव

संपादकांनी बजावलं होतं, "निर्देशांकावर लिहा, पण आकडे कमी." निर्देशांकात दुसरं असतं काय? वाचकांनी थोडं सोसावं.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हाती शेतीखर्चाची जी पाहणी येते, ती दोन-तीन वर्षं जुनी असते. ती चालू हंगामापर्यंत ओढून आणण्यासाठी मजुरी, बियाणं, खत, औषधं, पाणी यांच्या भावांचा एक संयुक्त निर्देशांक बांधतात. मजुरीचे दर श्रम ब्युरोचे, बाकी बरंचसं घाऊक निर्देशांकातून. वर्तमानपत्रं मात्र शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक उचलतात आणि 'शेती महागली' असं छापतात. तो मजुराच्या घरखर्चाचा आकडा आहे, शेतीचा नव्हे! हे सांगून सांगून आता चिडायचाही कंटाळा येतो.

माझं खरं दुखणं युरियाचं. बडोद्याजवळच खताचा मोठा कारखाना आणि त्याच्याच नावाचं फर्टिलायझरनगर, म्हणून आम्हाला युरियाचं अप्रूप नाही. गोणी 50 किलोची होती, 2018 मध्ये 45 ची झाली. किंमत त्याच प्रमाणात उतरली, किलोचा भाव तोच राहिला. शेतकरी गोण्या मोजून खत टाकतो, म्हणजे वापर आपोआप घटेल, हा सरकारचा हिशेब. इथवर तक्रार नाही. पण 2024 च्या जानेवारीत गंधकाचा लेप दिलेल्या 'युरिया गोल्ड'ची किंमत ठरली: 40 किलोला 266 रुपये 50 पैसे. कडुलिंबाचा लेप असलेल्या 45 किलोच्या गोणीलाही तेवढेच पडतात. नत्र 46 टक्क्यांऐवजी 37, वर 17 टक्के गंधक.

ही भाववाढ की नाही? गोणीमागे शून्य. किलोमागे साडेबारा टक्के. नत्राच्या किलोमागे 12.87 रुपयांचे 18 झाले, म्हणजे सुमारे 40 टक्के. माझे एक सहकारी म्हणतात, गंधकाचं मोल वजा करा. करू, पण कुठल्या जमिनीत? जिथे गंधकाची उणीव आहे तिथे तो लाभ. जिथे नाही तिथे न मागता गळ्यात पडलेला माल. मी नत्राच्या बाजूचा. हा वाद आमच्यात मिटत नाही, आणि खरं सांगायचं तर गंधकाचा हिशेब कसा मांडावा, याबद्दल माझी स्वतःचीही पुरती खात्री नाही.

शिवाय असे निर्देशांक 1871 मध्ये लास्पेयरनं मांडलेल्या सूत्रानं काढतात, आणि त्यात पायाभूत वर्षाचीच परिमाणं धरतात. करजणच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीमुळे दोन फवारण्या वाढल्या, तरी औषधाचा भाव स्थिर असेल तर निर्देशांक जागचा हलत नाही. घाऊक निर्देशांकात कारखान्याच्या दारातला, कर वगळलेला भाव येतो. युरियासोबत दुकानदारानं बळंच दिलेली दुसऱ्या खताची बाटली त्यात कुठून येणार? विद्यार्थ्यांना मी सांगतो, बिल पाहू नका, खिशातून किती गेले ते विचारा. ते वह्या भरून आणतात. पण त्या वह्यांसाठी निर्देशांकात रकाना नाही, आणि पायाभूत वर्ष बदललं तरी तो निघेल असं मला वाटत नाही.